डीएनएचे दोन पदर, एक अक्षर

धडगावच्या सातपुड्यात सिकलसेल हा ओळखीचा आजार. तो आदिवासी बांधवांत जास्त, पण इतर समाजांतही आढळतो. दोष रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या घडणीत आहे, हे लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये दाखवले. त्याच पॉलिंग यांनी १९५३ मध्ये डीएनएची रचना तीन पदरी सांगितली आणि ते चुकले. ती दोन पदरी निघाली. या डीएनएतले एक अक्षर बदलले की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात.

वाहक माणूस सहसा ठणठणीत असतो, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळाला आजाराचा धोका चारात एक. निकाहाआधी मेहेरची बोलणी होतात, तशी दोघांची रक्ततपासणीही व्हावी. कुणाला नाकारण्यासाठी नव्हे, होणाऱ्या लेकरासाठी.