व्याज म्हटले की सावकारच का आठवावा?

१/ मराठी इतिहासात 'व्याज' हा बदनाम शब्द आहे. १८७५ साली सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. ती आठवण रास्तच आहे. परंतु तिच्या आडोशाने आज एक वेगळाच अन्याय खपवला जात आहे. #धागा

२/ सरकारी कंत्राटात चित्र उलटे असते. येथे देणेकरी बलाढ्य शासन, तर धनको बिलासाठी खेटे घालणारा कंत्राटदार. वाद लवादाकडे जातो, वर्षे सरतात. त्या वर्षांचे व्याज लवादाने द्यावे की नाही?

३/ १८३९च्या व्याज कायद्याने हा अधिकार 'न्यायालया'स दिला होता. लवाद म्हणजे न्यायालय नव्हे, या शब्दच्छलावर दीर्घकाळ व्याज नाकारले गेले. १९७८च्या कायद्याने 'न्यायालय' या संज्ञेत लवादाचा समावेश केला. तरीही ओरिसातील अभदूता जेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वाद प्रलंबित असतानाच्या काळातील व्याजाचा अधिकार लवादास नाकारला.

४/ १९९१ मध्ये जी. सी. रॉय प्रकरणात घटनापीठाने ही चूक सुधारली. तत्त्व साधे होते: ज्याचा हक्काचा पैसा अडकला, त्यास भरपाई मिळालीच पाहिजे. मात्र करारात मनाई नसावी, ही अट राहिली.

५/ १९९६च्या लवाद कायद्याच्या कलम ३१(७) ने हा अधिकार स्पष्ट शब्दांत दिला. पण 'पक्षकारांनी अन्यथा ठरवले नसेल तर' ही पळवाटही ठेवली. अनेक सरकारी निविदांनी तीच उचलली. 'थकीत रकमेवर व्याज देय नाही' हे कलम छापले की काम भागते, आणि न्यायालयांनी अशी कलमे ग्राह्यही धरली आहेत.

६/ 'सही स्वेच्छेने केली ना?' असे विचारले जाते. छापील निविदेतला शब्दही बदलता येत नसेल, तर ती स्वेच्छा कसली? 'हा जनतेचा पैसा आहे' म्हणाल, तर अडकलेल्या बिलामागे राबलेला मजूरही जनताच आहे. विलंब फुकट असेल, तर देणेकऱ्याने घाई का करावी?

७/ मुंबई इलाख्यात हिंदू ऋणकोस 'दामदुपटी'चे संरक्षण होते: एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नसे. आपल्या परंपरेने व्याजास मर्यादा घातली, बंदी नव्हे. ती मर्यादा दुर्बळ ऋणकोसाठी होती. आज बलाढ्य ऋणको स्वतःसाठी बंदीच लिहून घेतो. 'अन्यथा ठरवले नसेल तर' हे शब्द निदान शासनाच्या छापील करारांपुरते तरी कायद्यातून काढलेच पाहिजेत.