गारठा गव्हाला मानवतो, द्राक्षाला नाही



‘फेब्रुवारीची थंडी द्राक्षाच्या पथ्यावर’ हा लेख वाचला. पथ्यावर पडते ती गव्हाच्या. पारा १० अंशांखाली गेला की द्राक्षमण्यांची फुगवण थांबते, पाणी उतरलेले मणी तडकतात. दिवसा ऊन, रात्री कडाका असला की हिरवे मणी गुलाबी पडतात. असा घड निर्यातदार हातात धरत नाही.

आठवडाभराच्या गारठ्याचे खापर लेखकाने थेट ‘ला निना’वर फोडले आहे. प्रत्यक्षात पश्चिमी झंझावात पुढे सरकला की उत्तरेचे कोरडे वारे इकडे घुसतात, निरभ्र रात्री जमिनीची ऊब निघून जाते आणि गोदाकाठच्या सखल भागात गार हवा साचते. हे ला निना नसतानाही घडते. आठवड्याच्या गारठ्यावरून ‘तापमानवाढ थोतांड’ म्हणणे तर कहरच.

शेकोट्यांना ‘अडाणी उपाय’ म्हटले आहे. पहाटे बागेत धूर करतात तो बाहेर पडणारी उष्णता थोडीफार अडावी म्हणून. विहिरीचे पाणी ठिबकने सोडतात, कारण ते त्या वेळच्या हवेपेक्षा उबदार असते. दुसरा उपाय लेखकाकडे असेल तर छापावा. आमची काढणी अजून व्हायची आहे.

– एक द्राक्ष बागायतदार, निफाड