हयातीचा दाखला घरपोच, मग औषधपाणी का नाही?



नोव्हेंबर महिना आला की आमचे पोस्टमन साथी टपालाबरोबर आणखी एक काम घेऊन घरोघर फिरतात. ते काम म्हणजे पेन्शनधारकांचे हयातीचे दाखले. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये ‘जीवन प्रमाण’ योजना आली, २०१८ मध्ये इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक सुरू झाली आणि २०२० पासून पोस्टमन किंवा ग्रामीण डाक सेवक सत्तर रुपये आकारून पेन्शनधारकाच्या घरीच दाखला काढून देऊ लागला. सोय चांगली आहे. बँकेच्या रांगेत ताटकळणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची त्यामुळे सुटका झाली, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

परंतु शाखेच्या सभेत एका पोस्टमन साथीने सांगितलेली हकिकत ऐकून आम्ही सारे गप्प झालो. खानदेशातल्या एका खेड्यात तो एका निवृत्त गँगमनच्या घरी दाखल्यासाठी गेला होता. गँगमन अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला. घरात सत्तरी ओलांडलेली पत्नी एकटी. मुलगा सुरतेला कारखान्यात. उभी हयात रुळांवर घालवलेल्या त्या हाताच्या रेषा झिजून गेलेल्या, त्यामुळे अंगठा यंत्रावर उमटेना. अखेर चेहऱ्याचा फोटो घेऊन काम झाले. साथी निघताना त्या माउलीने विचारले, “भाऊ, तुम्ही सरकारी माणूस आहात. यांच्या पाठीला जखम झाली आहे, भरून येत नाही. बघायला कुणी नर्स घरी येईल का?” साथीजवळ उत्तर नव्हते. आमच्यापैकी कोणाजवळच नव्हते.

माणूस जिवंत आहे की नाही हे पाहायला सरकारची यंत्रणा दारापर्यंत येते. तो कसा जगतो आहे हे पाहायला मात्र कोणी येत नाही. आज आम्हाला याच प्रश्नावर चार शब्द लिहायचे आहेत.

दवाखान्याच्या दारात संपणाऱ्या योजना

त्या गँगमनच्या पाठीवरची जखम म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत बेडसोर. एकाच कुशीवर पडून राहिल्याने कातडीचा रक्तपुरवठा तुटतो आणि कातडी मरते. ती होऊ नये म्हणून रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, अंथरूण कोरडे ठेवावे लागते आणि हवेची गादी असल्यास उत्तम. झालेली जखम स्वच्छ करून पट्टी बदलायला शिकलेला हात लागतो. यात मोठी शस्त्रक्रिया नाही, महागडे यंत्र नाही. आठवड्यातून दोनदा नर्स घरी आली आणि घरच्या माणसाला तिने नीट शिकवले तर पुष्कळ दुःख टळते. तेवढेच होत नाही म्हणून जखम चिघळते आणि मग जीप करून, चार माणसे जमवून रुग्णाला चाळीस किलोमीटरवरच्या दवाखान्यात न्यावे लागते.

आता आपल्याला लागू असलेल्या योजना पाहू. रेल्वेच्या निवृत्तांसाठी १९९७ ची उदारीकृत आरोग्य योजना आहे. ती लढून मिळवलेली आहे आणि तिचे मोल आम्ही जाणतो. भायखळा, कल्याण, भुसावळ, सोलापूर, नागपूर येथील रेल्वे रुग्णालयांनी हजारो सभासदांना जीवदान दिले आहे. पण निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावे लागते आणि आपला माणूस आपल्या गावी, कोकणात किंवा मराठवाड्यात परततो. रुग्णालय मात्र रुळाच्या कडेलाच राहते. इटारसी, हुबळी, बडोदा येथे नोकरी करून तिथेच स्थायिक झालेल्या मराठी साथींचीही स्टेशनपासून दूर घर घेतले की हीच गत होते.

रेल्वेच्या दवाखान्यापासून अडीच किलोमीटरपेक्षा दूर राहणाऱ्याला बाह्यरुग्ण उपचाराऐवजी निश्चित वैद्यकीय भत्ता घेता येतो. केंद्राच्या इतर पेन्शनधारकांनाही केंद्रीय आरोग्य योजनेचे क्षेत्र सोडून इतरत्र हा भत्ता आहे. १ डिसेंबर १९९७ पासून तो महिना १०० रुपये होता, २००८ मध्ये ३०० झाला, २०१४ मध्ये ५०० आणि १ जुलै २०१७ पासून १,००० रुपये. म्हणजे दिवसाला तेहतीस रुपये. शहरात घरी सेवेला बाई ठेवायची तर एवढ्यात महिन्यातले दोन-तीन दिवसही निघत नाहीत.

टपाल खात्याच्या निवृत्तांना केंद्रीय आरोग्य योजनेचा आधार आहे, पण तो मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांच्या आसपास. आणि ग्रामीण डाक सेवकांचे काय? खेड्यापाड्यांत पत्रे, मनीऑर्डरी आणि आता हे दाखले पोहोचवणारा हा साथी पासष्टाव्या वर्षी घरी बसतो तेव्हा त्याला नियमित पेन्शन नाही आणि खात्याची वैद्यकीय योजनाही नाही. दुसऱ्याच्या हयातीची नोंद करणाऱ्याच्या स्वतःच्या म्हातारपणाची नोंद कोणत्याच वहीत नाही.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले. डाक सेवकांसाठी तर तो मोठाच आधार होय. तथापि हे संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावरचे आहे. घरी सोडल्यानंतरचा खर्च पंधरा दिवसांपर्यंत धरला जातो. खुब्याचे हाड मोडलेल्या किंवा अर्धांगवायू झालेल्या माणसाला पुन्हा चालते करायला पंधरा दिवस पुरतात काय? खरी सेवा सोळाव्या दिवसापासून सुरू होते आणि नेमकी तिथेच योजना हात काढून घेते.

एक भत्ता मात्र घरच्या सेवेसाठीच आहे. सेवेतील कारणाने शंभर टक्के अपंगत्व आलेल्या पेन्शनधारकाला परिचर भत्ता मिळतो. २०१७ मध्ये तो ४,५०० वरून ६,७५० रुपये करण्यात आला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दुसऱ्या माणसाची गरज असते, हे तत्त्व सरकारला मान्य आहे, असा याचा अर्थ होतो. अडचण एवढीच की तीस वर्षे रात्रपाळी करून ज्याला साठीनंतर अर्धांगवायू झाला, तो या नियमात बसत नाही.

सेवा करणारे हात कोणाचे?

काही साथी म्हणतील की आईबापांना सांभाळणे हा मुलांचा धर्म आहे, त्यात युनियनने पडण्याचे कारण नाही. मुलांचे कर्तव्य आम्हीही मानतो. पण धर्म पाळायला सवड लागते. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना २००८ पासून मुलांच्या संगोपनासाठी ७३० दिवसांची रजा मिळू लागली, ती रास्तच होती. म्हाताऱ्या आईबापांसाठी मात्र वेगळी रजा नाही. जुलै २०२५ मध्ये राज्यसभेत हा प्रश्न निघाला तेव्हा सरकारने सांगितले की वर्षाच्या ३० दिवस अर्जित, २० दिवस अर्धवेतनी आणि ८ दिवस नैमित्तिक रजा इत्यादींमधून या कामासाठी रजा घेता येते. गाडीवर असलेल्या लोको पायलटला किंवा एकट्याने स्टेशन सांभाळणाऱ्या मास्तरला ही रजा ऐनवेळी किती मिळते, हे आम्ही वाचकांना सांगायला नको.

मग हे काम पडते कोणावर? घरातल्या बाईवर. पत्नी, सून किंवा मुलगी रात्री-अपरात्री उठून कूस बदलते, भरवते, अंथरूण धुते. तिचे नाव हजेरीपटावर नाही आणि तिला साप्ताहिक सुट्टीही नाही. अनेक घरांत सेवा करणारी पत्नी स्वतःच पंचाहत्तरीची आणि रक्तदाबाची रुग्ण असते.

आणि ज्यांना परवडते ते एखाद्या ब्यूरोकडून मावशी ठेवतात. येथे आम्ही स्वतःलाही प्रश्न विचारला पाहिजे. ती बारा-बारा तास राबते. ब्यूरो तिच्या पगारातून आपला हिस्सा कापून घेतो. तिला भविष्य निर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही आणि उद्या ती म्हातारी झाली तर पेन्शनही नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. घरेलू कामगारांना प्रतिष्ठेचे काम मिळावे म्हणून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ मध्ये १८९ क्रमांकाचा करार केला, त्याला आपल्या देशाने मंजुरी दिलेली नाही. आयुष्यभर आठ तासांच्या पाळीसाठी भांडलेल्या कामगाराच्या घरात दुसरी कामगार बारा तास राबते, ही गोष्ट आम्हाला शोभणारी नाही. आपल्या म्हातारपणाची सोय दुसऱ्या कामगाराच्या पोटावर पाय देऊन होता कामा नये. म्हणूनच घरची सेवा ही एकेका कुटुंबाने आपापल्या ऐपतीप्रमाणे सोडवण्याची बाब राहू नये, असे आमचे ठाम मत आहे.

केरळातले उदाहरण

हे अशक्य आहे असे कोणी म्हणेल तर त्याने केरळकडे पाहावे. १९९३ मध्ये कोझिकोडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात काही डॉक्टरांनी असाध्य रुग्णांच्या वेदना कमी करण्यासाठी एक संस्था काढली. पुढे मलप्पुरम जिल्ह्यात या कामाने वेगळे वळण घेतले. शेजारपाजारच्या सामान्य माणसांना थोडे प्रशिक्षण देऊन स्वयंसेवक केले गेले, लहान लहान वर्गण्या गोळा झाल्या आणि नर्स, डॉक्टर व स्वयंसेवक गाडीतून रुग्णांच्या घरी जाऊ लागले. कर्करोगाच्या रुग्णांबरोबर अर्धांगवायूचे आणि अंथरुणाला खिळलेले म्हातारेही त्यात आले. २००८ मध्ये राज्य सरकारने यासंबंधी धोरणच जाहीर केले आणि ग्रामपंचायतींनी नेमलेल्या नर्सेस घरोघर जाऊ लागल्या. आधी लोकांनी काम उभे केले आणि मग सरकारला जबाबदारी घ्यावी लागली, हा त्यातला धडा होय.

केंद्रानेही कागदावर हे मान्य केलेले आहे. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला, त्यात अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी भेटी देण्याची तरतूद आहे. गावोगावच्या आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या कामातही वृद्धांची काळजी धरलेली आहे. पण हे काम शेवटी आशा भगिनींच्या अंगावर पडते आणि त्यांना सरकार कामगार न म्हणता स्वयंसेविका म्हणते. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात घरपोच सेवेसंबंधी तरतुदी घालणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, परंतु ते मंजूर होण्याआधीच २०२४ मध्ये त्या लोकसभेची मुदत संपली.

आम्ही काय मागतो, आम्ही काय करू

पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नसून कामगाराने सेवेतून कमावलेला हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात मान्य केले. म्हणूनच तो दिवस आपण पेन्शनर्स दिन म्हणून पाळतो. तोच न्याय पुढे नेला पाहिजे. पेन्शन म्हणजे नुसते पैसे नव्हेत. ज्या शरीराने नोकरी केली ते थकल्यावर त्याला आधार देणे हाही त्याच हक्काचा भाग आहे. ऐंशीव्या वर्षी पेन्शनमध्ये २० टक्के वाढ देऊन सरकारने वयाबरोबर गरज वाढते हे मान्य केलेच आहे.

सबब आमच्या मागण्या अशा आहेत. प्रत्येक रेल्वे रुग्णालयाने आणि केंद्रीय आरोग्य योजनेच्या प्रत्येक केंद्राने अंथरुणाला खिळलेल्या निवृत्तांची यादी ठेवून नर्स व फिजिओथेरपिस्ट यांच्या ठरावीक घरभेटी सुरू कराव्यात, आणि ही पदे कायम स्वरूपाची असावीत, ठेकेदारीची नसावीत. परिचर भत्ता कारण न पाहता पूर्णपणे परावलंबी झालेल्या प्रत्येक पेन्शनधारकाला मिळावा. आईवडिलांच्या आजारपणासाठी स्वतंत्र रजा मिळावी, ती स्त्री व पुरुष दोघांनाही असावी. ग्रामीण डाक सेवकांना पेन्शन व वैद्यकीय योजना लागू व्हावी. घरी सेवा करणाऱ्या भगिनींना किमान वेतन, साप्ताहिक सुट्टी आणि सामाजिक सुरक्षा मिळावी. २०२५ मध्ये नेमलेल्या आठव्या वेतन आयोगापुढे फिटमेंटच्या आकड्याइतक्याच जोराने हे मुद्दे मांडले गेले पाहिजेत.

मागणी मान्य होईपर्यंत मात्र हात बांधून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील ऐंशीवरच्या आणि अंथरुणाला खिळलेल्या निवृत्तांची यादी करावी. टपाल आणि रेल्वे शाखांनी हे एकत्र करावे, कारण पोस्टमन साथीला घरे माहीत आहेत आणि रेल्वे साथीला रुग्णालयाची वाट माहीत आहे. युनियनच्या कचेरीत दोन वॉकर, दोन कमोडच्या खुर्च्या, एक चाकाची खुर्ची आणि एक हवेची गादी ठेवली तर गरजेप्रमाणे ती घरोघर फिरू शकेल. कूस कशी बदलावी आणि उठवताना कसे धरावे, हे दाखवायला रुग्णालयातील नर्सेस साथींना एका रविवारी बोलवावे. त्या वर्गाला सुनांबरोबर मुलांनाही बसवावे.

१९७४ च्या मे महिन्यातील रेल्वे संपात जे पंचविशीचे तरुण तुरुंगात गेले, ज्यांच्या बायका-मुलांना क्वार्टरमधून बाहेर काढले गेले, ते आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. आपण आज जो पगार आणि बोनस घेतो त्यात त्यांचा वाटा आहे. त्यांच्यापैकी कोणी एखाद्या खेड्यात कुशीवर वळायला माणसाची वाट पाहत पडला असेल.

त्या खानदेशातल्या माउलीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे अजून बाकी आहे. यंदाच्या नोव्हेंबरात दाखला घेऊन जाणाऱ्या साथीबरोबर शाखेचा आणखी एक माणूस त्या घरी जाईल आणि हवेची गादी घेऊन जाईल, एवढे तरी आपण ठरवू या. नर्स सरकारने पाठवावी यासाठी लढा देऊ या.