‘चालवून घे’ म्हणण्याआधी

‘घर पाहावं बांधून’ असं आपल्याकडे म्हणतात. पण ज्यांच्या नशिबी दर तीन वर्षांनी बदली, त्यांनी घर पाहावं भाड्याने घेऊन!

आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीची ही गोष्ट. बदलीच्या गावी नवरा मे महिन्यात एकटाच गेला, घर ठरवून टोकन देऊन आला. अनामतीसाठी हिच्या पाटल्या गहाण पडल्या. राहायला जायच्या आठ दिवस आधी झाडलोट करावी, दूध उतू घालावं म्हणून आम्ही दोघी गेलो. न्हाणीघरात बादलीभर पाणी ओतलं, तर ते जाळीकडे न जाता उंबरा ओलांडून थेट खोलीत! स्वयंपाकघरातल्या बोर्डाला हात लागला आणि झिणझिण्या आल्या. जुनं कपाट सरकवलं तर मागे ताज्या रंगाखाली भिंत फुगलेली. नखाने टोकरलं तर पोपडा हातात आला. घरमालक म्हणाले, ‘‘आधी बघायचं होतं.’’ नवरा म्हणाला, ‘‘आता पैसे दिलेत, चालवून घे.’’

मैत्रिणींनो, हे ‘चालवून घे’ नेहमी कुणाच्या वाट्याला येतं? दिवसभर त्या घरात वावरणाऱ्या बाईच्या. ओल्या भिंतीपाशी बाळाला झोपवणारी तीच, ओल्या हाताने मिक्सर लावणारीही तीच. मग टोकन देण्याआधी घर तिने का पाहू नये?

आपल्याकडे शाळांच्या सुट्टीत, म्हणजे मे महिन्यात घरं पाहिली जातात आणि राहायचं असतं पावसात. उन्हाळ्यात प्रत्येक घर कोरडंच दिसतं. म्हणून छतावरचे तपकिरी डाग बघा. एकाच भिंतीला नवा रंग असेल तर का, ते विचारा. नळाला पाणी येण्याच्या वेळेला एक चक्कर मारा. सगळे नळ सोडा, मोरीत पाणी ओता. दारांच्या कड्या आतून लावून बघा. विजेचं जुनं बिल थकलेलं नाही ना, ते पाहा. वायरमनला दाखवून अर्थिंग तपासून घ्या. आणि शेजारणीला विचारा, ‘पावसात कसं असतं हो?’ तिच्याइतकं खरं कुणी सांगत नाही.

आता कायद्याचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. अकरा महिन्यांचा ‘लीव्ह अँड लायसन्स’ही यातून सुटत नाही आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. कलम १४ नुसार घर दुरुस्त ठेवणं हे मालकाचं कर्तव्य. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने लक्ष दिलं नाही, तर भाडेकरू दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. पण हा हक्क भाडेकरूचा. लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याने त्यावर विसंबू नये. त्याचा आधार म्हणजे करारात लिहिलेलं. तोंडी ‘करून देऊ हो’ला काही किंमत नाही.

आमच्या मैत्रिणीने तेच केलं. करारावर सह्या व्हायच्या होत्या, हे तिचं नशीब. तिने वहीच्या कागदावर दोषांची यादी केली, मोबाइलवर फोटो काढले आणि मालकांपुढे ठेवून शांतपणे म्हणाली, ‘‘काका, हे झालं की सही.’’ वायरिंग बदललं, न्हाणीघराचा उतार नीट झाला. भिंतीची ओल राहिलीच. पण ती आधीपासून आहे, असं करारात आलं. उद्या घर सोडताना त्यासाठी अनामत कापता येणार नाही.

यात मालकाचंही नुकसान नाही. कितीतरी घरमालकिणी एकट्या आहेत, भाड्यावर संसार चालवतात. दोघांच्या सहीची यादी त्यांनाही उद्याच्या भांडणातून वाचवते.

भाजी घेताना आपण एकेक भेंडी मोडून बघतो. मग जिथे अकरा महिने श्वास घ्यायचा, ते घर न बघता कसं घ्यायचं? पुढच्या वेळी घर बघायला निघालेल्या ‘ह्यांना’ एवढंच सांगा, ‘‘थांबा, मीही येते.’’