परवानगी हवी तिथे हवीच

आष्ट्याच्या शिवारात ड्रोनचा विषय निघाला की एक सवाल हमखास येतो : उसाच्या शेंड्यावरून दोन-तीन मीटर उंचीने जाणाऱ्या यंत्राला विमान खात्याची परवानगी कशाला? सवाल बिनतोड वाटतो. पण ही परवानगी कुणी मागतच नाही.

25 ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांनी आकाशाची हिरवी, पिवळी आणि लाल अशी वाटणी केली. हिरव्या भागात 120 मीटर उंचीपर्यंत उडायला पूर्वपरवानगी लागत नाही. पूर्वी पिवळा पट्टा विमानतळाच्या हद्दीपासून 45 किलोमीटरपर्यंत पसरला होता. तो 12 किलोमीटरवर आणला गेला. कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ आष्ट्यापासून सरळ रेषेत पस्तीसेक किलोमीटर. म्हणजे जुन्या पट्ट्यात आपण होतो, आता नाही. तक्रार तेवढी जुनी राहिली आहे. फवारणीच्या ड्रोनला नोंदणी क्रमांक, चालवणाऱ्याला प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि विमा लागतो, हे खरे. पण आरसी बुकाशिवाय ट्रॅक्टर रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून कुणी रस्ते-वाहतूक खात्याच्या नावाने बोटे मोडत नाही. पुरुषभर उंच आडसाली उसात पाठीवरचा पंप घेऊन माणूस शिरू शकत नाही, तिथे ड्रोनच कामाचा. त्याची वाट नियमांनी अडवलेली नाही.

खरा वाद पुढचा आहे. आष्ट्याचाच ड्रोनवाला उद्या गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या कारखान्याच्या छताचे चित्रण करायला गेला, तर तो विमानतळाच्या अगदी कुशीत असतो. हद्दीपासून 5 किलोमीटरच्या आतले आकाश लाल. तिथे केंद्र सरकारची परवानगी. 5 ते 8 किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच पिवळा. तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची. ‘एवढ्याशा यंत्राला एवढा जाच’, हा त्यावरचा आक्षेप. हिशेब करून बघू. प्रवासी विमान साधारण तीन अंशांच्या उताराने धावपट्टीकडे येते. धावपट्टी दोन किलोमीटरवर असताना ते जेमतेम 105 मीटर उंचीवर असते. हिरव्या भागात ड्रोनला मोकळी असलेली उंचीही जवळपास तेवढीच. त्या क्षणी वैमानिकाला समोरचा ठिपका दिसेल आणि तो वळसा घालेल, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा नियंत्रण मनोऱ्यात बसून यावे.

8 ते 12 किलोमीटरच्या कड्याबद्दल मात्र आक्षेपकांचे थोडे मानावे लागते. दहा किलोमीटरवर तेच विमान पाचशे मीटरच्या वर असते, आणि ड्रोनला परवानगीविना मोकळीक फक्त 60 मीटरची. फवारणीला ती पुरून उरते. मोजणीचे काम करणाऱ्याला अपुरी पडते. ही सावधगिरी अंमळ जास्त आहे. उपाय म्हणून अर्जाच्या उत्तराला मुदत बांधा. गिऱ्हाईक थांबत नाही, ही ड्रोनवाल्याची अडचण खरीच आहे. पण उत्तर उशिरा येते म्हणून विचारणेच बंद करा, हा कुठला न्याय?

‘आजवर कुठे काय झालं?’ असेही म्हणतात. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाला एका हौशी माणसाचा ड्रोन धडकला. पंखाला भोक पडले आणि ऐन आगीत ते विमान जमिनीवर बसले. आपल्याकडे 2019 चा महापूर आठवा. अशा वेळी मदतीचे हेलिकॉप्टर विमानतळाजवळच नव्हे, कुठल्याही गावावर खाली येते. पाण्याचे व्हिडिओ काढायला त्या दिवशी चार ड्रोन वर गेले, तर ते आकाश हिरवे आहे एवढ्याने काय भागणार? अशा प्रसंगासाठी नियमांत तरतूद आहे : पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग एका वेळी 96 तासांपर्यंत तात्पुरता लाल ठरवू शकतो.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळू. रात्री आकाशात दिवा लुकलुकला की चोर टेहळणी करतात अशी अफवा उठते, आणि दुसऱ्या दिवशी ‘गावात ड्रोन बंद’ असे कुणीतरी तोंडी सांगून मोकळे होते. 2024 च्या पावसाळ्यात पुणे आणि बीडकडे या अफवांनी झोपा उडवल्या होत्या. भीती खोटी म्हणू नये. पण तोंडी बंदीला आधार काय? तात्पुरता लाल भाग सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या ऑनलाइन मंचावर जाहीर करावा लागतो. जिल्हादंडाधिकाऱ्यांची मनाई असेल तर तीही लेखी असते आणि तिला मुदत असते. हे दोन्ही नसताना दिवसाढवळ्या फवारणी करणाऱ्या बचत गटाच्या बाईला बांधावरून परत पाठवणे ही निव्वळ मनमानी आहे. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत सरकारच 80 टक्के, कमाल 8 लाखांपर्यंत अनुदान देते. आणि गावातल्या कुणाच्या तरी शब्दावर तोच ड्रोन घरात पडून राहतो.

म्हणून मागणी दोन्हीकडे आहे. ड्रोनवाल्याने प्रत्येक उड्डाणाआधी डिजिटल स्कायवरचा रंगांचा नकाशा उघडून बघावा, कारण रंग बदलतात. पिवळ्यात जायचे तर अर्ज करावा. आणि अडवणाऱ्याने आदेशाचा कागद दाखवावा : क्रमांक, तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत.