जग वाचवणारं पार्सल! ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’चा रिमेक नेमका कुठे फसला?

पार्सल ट्रॅक करताना ‘भिवंडी’ हे नाव तुम्ही अनेकदा वाचलं असेल. जून २०१३ मध्ये अॅमेझॉनची साइट भारतात सुरू झाली, तेव्हा त्यांचं पहिलं गोडाऊन भिवंडीतच होतं. आता कल्पना करा, एलियन्सनी पृथ्वीवर हल्ला केलाय आणि जग वाचवणारा पेनड्राइव्ह अॅमेझॉनचाच ड्रोन घेऊन येतोय. हा मीम नाही. ३० जुलै २०२५ ला प्राइम व्हिडिओवर आलेल्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये खरंच असं घडतं!

रॉटन टोमॅटोज या साइटवर चित्रपटाला सुरुवातीला ० टक्के मिळाले. याचा अर्थ शून्य मार्क असा नाही. तिथे मोजल्या गेलेल्या समीक्षकांपैकी एकानेही चित्रपट चांगला म्हटला नाही, असा त्याचा अर्थ.

दोष तंत्राचा आहे का?

हा चित्रपट ‘स्क्रीनलाइफ’ प्रकारातला आहे. म्हणजे सगळी गोष्ट व्हिडिओ कॉल, चॅट आणि सीसीटीव्हीच्या खिडक्यांमधूनच दिसते. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात कलाकारांचं शूटिंग वेगवेगळं झालं. आइस क्यूब बहुतेक वेळ कॉम्प्युटरसमोर बसलेला आहे.

पण त्याच २०२० मध्ये, त्याच प्राइम व्हिडिओवर, याच तंत्राचा ‘सी यू सून’ हा मल्याळम चित्रपट आला होता. लॉकडाऊनमध्ये आयफोनवर शूट केलेला. फहाद फासिलच्या या चित्रपटाचं भरपूर कौतुक झालं. म्हणजे तंत्र किंवा बजेट हे कारण पुरेसं नाही.

मग चुकलं काय?

एच. जी. वेल्स यांच्या १८९८ च्या कादंबरीत मंगळवासीयांपुढे माणसाची शस्त्रं चालत नाहीत. शेवटी त्यांना मारतात ते पृथ्वीवरचे सूक्ष्म जंतू. १९५३ चा क्लासिक चित्रपट आणि २००५ चा स्पीलबर्गचा चित्रपट, दोघांनीही हा शेवट जपला. माणूस स्वतःला समजतो तेवढा मोठा नाही, हाच तर गोष्टीचा गाभा!

नव्या चित्रपटात जंतूंच्या जागी कॉम्प्युटर व्हायरस आहे. ही कल्पना वाईट नाही, कारण इथले एलियन डेटा खातात आणि सरकारी पाळत ठेवणारी यंत्रणा त्यांना खेचून आणते. पण व्हायरस पोहोचवायला डिलिव्हरी बॉय ड्रोन पाठवतो, त्यासाठी आधी साइटवर ऑर्डर द्यावी लागते आणि उलटा पडलेला ड्रोन सरळ करणाऱ्याला गिफ्ट कार्ड देऊ केलं जातं. कथेत ब्रँड दाखवण्याला ‘प्रॉडक्ट प्लेसमेंट’ म्हणतात. इथे तर ब्रँडच हिरो झालाय! पाळतीविरुद्ध इशारा देणारा चित्रपट शेवटी जाहिरातीसारखा वाटतो, तो यामुळे.

भिवंडीतून पाहिलं तर...

अॅमेझॉनचा एमके-३० ड्रोन जेमतेम सव्वादोन किलो वजन नेतो आणि ती सेवा भारतात नाही. आपलं पार्सल माणसंच आणतात. गोडाऊनमध्ये एकजण हातातल्या स्कॅनरवर रॅकचा नंबर बघून वस्तू काढतो, दुसरा पॅक करतो, मग पिनकोडनुसार माल वेगळा होऊन ट्रकमध्ये चढतो. शेवटी बाइकवाला तुमची बेल वाजवतो. प्रत्येक टप्प्यावर बारकोड स्कॅन होतो, म्हणून तुम्हाला ट्रॅकिंग दिसतं. पण त्याच स्कॅनवरून काम करणारा किती वेगात काम करतोय, हेही मोजता येतं.

डेटा कोण गोळा करतं आणि कोणावर नजर ठेवतं, हा या चित्रपटाचा खरा विषय होऊ शकला असता. त्यासाठी एलियन्सचीही गरज नव्हती. मुंबई-नाशिक हायवेलगतचं एखादं गोडाऊन पुरलं असतं.

पुढच्या वेळी एखाद्या चित्रपटात अॅप किंवा ब्रँड दिसला, की एक प्रश्न विचारा: ही वस्तू काढून टाकली तर गोष्ट अडते का? आणि अडत असेल, तर ती तशी कोणाच्या फायद्यासाठी रचलीय?