अ‍ॅपचं पोट का सुटलं?

"फोनमध्ये जागाच नाही" हे वाक्य आमच्या घराण्यात हल्ली "गुडघे दुखतात"च्या खालोखाल ऐकू येतं. आत्याच्या फोनमध्ये जागा नाही, काकांच्या फोनमध्ये जागा नाही, आणि कुणीतरी शहाणा भाचा सांगतो की फोटो उडवा. मग आत्या बिचारी बसते नातीच्या बारशाचे फोटो निवडून निवडून पुसत. अगं आत्या, थांब! गुड मॉर्निंगची फुलं आणि सूर्योदय खुशाल उडव, त्याला माझी काही हरकत नाही. पण नातीला हात लावू नकोस. जागा खाल्ली आहे ती दुसऱ्यांनीच, आणि ते कोण हे सांगायलाच आज बसलोय. लांबण लागेल, चहा करून घ्या.

१९९०च्या दशकात मी एका पतसंस्थेसाठी पिग्मीचा प्रोग्रॅम लिहिला होता. फॉक्सप्रो, डॉसवरचं. काळ्या पडद्यावर रेघांची चौकट, खाली "एफ१० – सेव्ह". फॉक्सप्रो वेगळं धरलं तर मी लिहिलेला सगळा प्रोग्रॅम एका फ्लॉपीत मावायचा, म्हणजे १.४४ एमबीत, आणि वर जागा उरायची. रोजचा बॅकअप एआरजे करून दुसऱ्या फ्लॉपीवर, ती मॅनेजरच्या कपाटात. त्यात काय होतं? खाते क्रमांक, नाव, तारीख, रक्कम, एजंटचा नंबर. पानवाल्याने दहा रुपये दिले की दहा रुपये जमा. दहा रुपये देताना तो कुठे उभा होता, दिवसातून किती वेळा पासबुक उघडून बघतो, त्याच्या ओळखीपाळखीचे लोक कोण, हे साठवायचा विचार संचालक मंडळाच्याच काय, कुणाच्या स्वप्नातही नव्हता. साठवलं असतं तरी त्याचं करायचं काय?

जुनं ते सोनं असं मी म्हणत नाहीये. वीज गेली की त्या फायलींचे इंडेक्स बिघडायचे आणि री-इंडेक्स करत रात्री नऊपर्यंत बसावं लागायचं. आज घरबसल्या दोन सेकंदांत पैसे जातात, ते मला हवंच आहे. पण पिग्मी एजंटपेक्षा फार वेगळं काम न करणारी अ‍ॅपं आज शंभर शंभर एमबीची होऊन बसली आहेत, वर दर आठवड्याला त्यांना अपडेट हवा. एवढं आहे तरी काय त्यांच्या पोटात?

ही तक्रार मी पहिल्यांदा करतोय असंही नाही. निकलाउस विर्थ, म्हणजे ज्यांनी पास्कल बनवली ते (डिप्लोमावाल्यांनो, आठवतंय का?), त्यांनी १९९५ साली एक लेखच लिहिला होता सडपातळ सॉफ्टवेअरच्या बाजूने. पंचवीस वर्षांपूर्वी आठ हजार बाइटांत मजकूर लिहायचा एडिटर बसायचा, आता त्याला शंभरपट जागा लागते, असं त्यांचं गाऱ्हाणं. यंत्रं जितक्या वेगाने वेगवान होतात त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर मंद होतं, या निरीक्षणाला लोक आज त्यांच्याच नावाने ओळखतात. विर्थ २०२४च्या १ जानेवारीला गेले. त्यांच्या काळातला फुगवटा मुख्यतः हौसेचा आणि आळसाचा होता. गिऱ्हाईक मागेल ते घाला, न मागेल तेही घाला, आणि वेळ नाही म्हणून नीट कापून-छाटून काही बसवू नका. तो फुगवटा आजही आहेच. संगणकावरचं एखादं गप्पांचं सॉफ्टवेअर उघडा, त्याच्या आत अख्खा एक ब्राउझर कोंबलेला असतो. हा निव्वळ आळस. यावर मी चिडतो, पण फार नाही.

माझी चीड आहे ती नवीन थरावर. हल्ली अ‍ॅप बनवणारे सगळं स्वतः लिहीत नाहीत, बाहेरचे तयार ठोकळे आणून जोडतात. एसडीके म्हणतात त्यांना. काही ठोकळे खरोखर कामाचे असतात, नकाशा दाखवणारे, पैसे भरून घेणारे. पण बाकीचे? एक जाहिराती दाखवणारा. एक तुम्ही कुठल्या जाहिरातीवरून इथे आलात ते पाहणारा. एक तुम्ही कुठलं बटण दाबलं, कुठे थबकलात, कुठे कंटाळून परत फिरलात ते लिहून घेणारा. एक रात्री दहा वाजता "आम्हाला विसरलात का?" म्हणून टुणकन वाजणारा. मार्केटिंगवाला येतो, "हा एक जोडा" म्हणतो. पुढच्या वर्षी दुसरा मार्केटिंगवाला येतो आणि दुसरा ठोकळा जोडायला सांगतो. पहिला काढा असं मात्र कुणी सांगत नाही, कारण तो का जोडला होता ते सांगणारा नोकरी सोडून गेलेला असतो. आयटीतल्या भाचरांनी छातीवर हात ठेवून सांगावं, असं होतं की नाही!

या थराचं वजन किती, हे एकदा जगाला आयतंच मोजून मिळालं. मे २०१८मध्ये युरोपात जीडीपीआर हा माहिती-संरक्षणाचा कायदा लागू झाला. अमेरिकेतल्या यूएसए टुडे या वर्तमानपत्राने कटकट नको म्हणून युरोपातल्या वाचकांसाठी आपल्या संकेतस्थळाची वेगळी आवृत्ती काढली, पाळत ठेवणाऱ्या स्क्रिप्टा आणि जाहिराती वगळून. पान ५.२ एमबीचं होतं ते सुमारे ५०० केबीवर आलं! बातम्या त्याच, फोटो तेच. म्हणजे दहातले नऊ हिस्से वाचकासाठी नव्हतेच. ते वाचकाकडे बघणाऱ्यांसाठी होते, आणि त्यांच्या प्रवासाचं भाडं वाचक भरत होता, स्वतःच्या डेटा पॅकमधून, स्वतःच्या बॅटरीतून.

मला जे सांगायचंय ते एवढंच. आपण दोन वेगळ्या तक्रारी करतो. एक, "फोन स्लो झालाय". दुसरी, "ही मंडळी आपली माहिती चोरतात". पहिली करतात आत्या आणि काका, दुसरी करतात माझ्यासारखे रिकामटेकडे. पण बऱ्याच ठिकाणी तक्रार एकच आहे. अ‍ॅपचं पोट सुटलंय ते आत माणसं बसली आहेत म्हणून. तीन-चार वर्षांचा धडधाकट फोन त्यांचं ओझं वाहून दमतो आणि आपण म्हणतो, फोन जुना झाला, नवा घ्यायला हवा.

टॉर्चचं उदाहरण तर नमुनेदार आहे. अँड्रॉइडवर "ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट" नावाचं अ‍ॅप होतं, कोट्यवधी लोकांनी उतरवून घेतलेलं. काम काय, तर दिवा लावणे. डिसेंबर २०१३मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याच्या कर्त्यांना धरलं, कारण दिवा लावता लावता ते लोकांचा ठावठिकाणा जाहिरातवाल्यांना पुरवत होतं. अटी मान्य की अमान्य हे बटण दाबायच्या आधीपासूनच! आणि हसू नका, आपण मराठी लिहिणारे लोक तरी वेगळं काय करतो? बाहेरचा मराठी कळफलक फोनवर बसवताना अँड्रॉइड स्वतः इशारा देतं की तुम्ही टंकाल तो सगळा मजकूर, पासवर्ड आणि क्रेडिट कार्डाच्या नंबरासकट, हा कळफलक गोळा करू शकेल. आपण "ठीक" दाबतो आणि कविता लिहायला बसतो. दुसरा उपाय काय असतो म्हणा.

आता घरातलं. मध्यंतरी आत्याचं थायरॉइडचं रक्त तपासायला दिलं होतं. कुठल्या लॅबमध्ये ते सोडा, सगळीकडे तीच कथा. काउंटरवरची मुलगी फार गोड बोलली. "आजी, रिपोर्ट अ‍ॅपवर येईल." कागदावर? "कागद बंद केलेत काका, अ‍ॅप डाउनलोड करून घ्या ना." बरं, घेतलं डाउनलोड करून. त्याला आत्याचं ठिकाण हवं, आत्याच्या फोनमधले सगळे नंबर हवेत. टीएसएचचा एक आकडा सांगायला हिच्या विहिणीचा नंबर कशाला लागतो? नाही म्हटलं तर तोच प्रश्न पुन्हा पुढे. शेवटी त्या मुलीला म्हटलं, बाळ, तुझ्याच संगणकावरून छापून दे. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि दिला छापून, एक पान. म्हणजे छापता येत होतंच.

गंमत अशी की अगदी याच प्रसंगाचं उदाहरण आपल्या कायद्यात आहे. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, कलम ६. त्याखालच्या दाखल्यात एक बाई वैद्यकीय सल्ल्याचं अ‍ॅप घेते, अ‍ॅप तिच्याकडे उपचारासाठी माहिती मागतं आणि फोनमधली संपर्कयादीही मागतं, ती दोन्हीला हो म्हणते. कायदा सांगतो, उपचाराला संपर्कयादीची गरज नाही, तेव्हा तिचं "हो" फक्त उपचारापुरतंच धरायचं. इतकं स्वच्छ! शिवाय संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यायला हवा. त्या बावीस भाषांत मराठी आहे. या कायद्याचे नियम यायलाच नोव्हेंबर २०२५ उजाडलं आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना तिथून पुढे अठरा महिन्यांची मुदत दिली. सरकारने त्यात स्वतःसाठी किती सवलती राखून ठेवल्या तो आणखी एका चहाचा विषय. असो.

"पण माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?" हा काकांचा ठरलेला प्रश्न. त्यांचं पुढचं वाक्यही मला पाठ आहे, "वाड्यात सगळ्यांना सगळं माहीत असायचं, काय बिघडलं?" काका, वाड्यात समोरच्यांना तुमचं माहीत असायचं तसं तुम्हालाही समोरच्यांचं माहीत असायचं. तुमच्याकडे कुणाचा तार आला हे त्यांना कळायचं, त्यांच्याकडे काल भांडण का झालं ते तुम्हाला. फार बोलले तर तुम्हीही बोलू शकत होता, म्हणून सगळे बेताने बोलायचे. इथे समोरच्या घराला खिडक्याच नाहीत. तुमचं सगळं त्याला दिसतं आणि त्याचं नावसुद्धा तुम्हाला ठाऊक नाही. याला वाडा कसं म्हणता?

वाड्यावरून सोसायटीवर येतो, कारण तिथलं मला जास्त लागतं. आमच्या फाटकावर पूर्वी रजिस्टर होतं. सुतळीने बांधलेलं पेन, नाव, कुणाकडे, गाडी नंबर, वेळ, सही. अक्षर असं की चित्रगुप्तालाही लागू नये. त्या अक्षरामुळेच पाहुण्यांची अब्रू शाबूत होती म्हणा ना! वही भरली की माळ्यावर, आणि दोन वर्षांनी रद्दीत. आता अ‍ॅप आहे. येणाऱ्याचा फोटो, नंबर, कधी आला, कधी गेला, सगळं कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर. किती दिवस राहतं, कोण बघतं, कमिटीत विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात.

आणि आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताई. त्यांची रोजची आत-बाहेरची वेळ अ‍ॅपवर दिसते, त्या आणखी कुठल्या कुठल्या घरी काम करतात ते दिसतं, वर त्यांना तारे द्यायची सोय आहे. पाचपैकी किती! ताईंना कुणी विचारलं होतं? त्यांनी "मान्य आहे" दाबलं होतं? पगार वेळेवर न देणाऱ्या घरांना तारे द्यायची सोय त्यांना आहे का? दहा मिनिटं उशीर झाला की हल्ली तीन घरांतून एकदम विचारणा होते, आणि ती दहा मिनिटं पीएमटी आली नाही म्हणून गेली हे त्या अ‍ॅपला माहीत नसतं. आपण आपल्या प्रायव्हसीवर गळा काढतो, २०१७च्या २४ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी तो मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं म्हणून पाठ थोपटून घेतो, आणि आपल्याच फाटकावर दुसऱ्याचा तोच हक्क चपलेसारखा बाहेर काढून ठेवायला लावतो.

"आता काही होत नाही, सगळं गेलंय हाताबाहेर" हे मला मान्य नाही. मे २०२३मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना बजावलं की मोबाईल नंबरासाठी गिऱ्हाइकाला अडवू नका. तेव्हापासून मी दुकानात नंबर सांगत नाही. बिल करणारा मुलगा दोनदा विचारतो, मग दहा वेळा शून्य दाबतो आणि बिल निघतं. नोव्हेंबर २०२५च्या अखेरीस सरकारने प्रत्येक नव्या फोनमध्ये "संचार साथी" अ‍ॅप घालूनच विकायचा आदेश कंपन्यांना दिला होता. बातमी फुटली, ओरड झाली, आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. आठवडाभरसुद्धा टिकली नाही.

तर येत्या रविवारी सोसायटीच्या सभेत मी तीन गोष्टी मांडणार आहे. घरकामाला येणाऱ्यांचे तारे बंद. पाहुण्याचा फोटो काढायचा नाही, आणि ज्याला नंबर द्यायचा नसेल त्याच्यासाठी वही परत. शिवाय आधीची नोंद किती दिवसांनी पुसणार ते कंपनीकडून लेखी. सेक्रेटरी म्हणाले, "काका, सुरक्षेचा प्रश्न आहे, लोक ऐकणार नाहीत." बघू. वही मी माझ्या पैशाने आणतो म्हटलंय, शंभर पानी, पुठ्ठा बांधणीची. तुमच्यापैकी कुणाच्या सोसायटीत असा ठराव झाला असेल, तर त्याचा मसुदा मला रविवारच्या आत पाठवा. आणि आत्या, तुझा रिपोर्ट निळ्या फाइलमध्ये आहे, ते अ‍ॅप काढून टाक.